चढतंय का उतरतंय?

सांगलीच्या माणसाला नदी फुटांत कळते. मीटर शाळेच्या पुस्तकात. जुलै उजाडला की "आयर्विनला किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, हा प्रश्न दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे विचारतात, आणि आकडा कळला की लगेच पुढचा प्रश्न येतो, "चढतंय का उतरतंय?" आमच्या घरात पहिल्यापेक्षा दुसऱ्या उत्तराला मान जास्त. ४० फूट पण उतरतंय म्हटलं की आई निवांत पोहे भिजवायची. ३५ आणि चढतंय म्हटलं की बाबा गव्हाची पोती माळ्यावर टाकायला लागायचे. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी इकडे अमेरिकेत होतो आणि रात्रभर फोनवर तेवढाच आकडा बघत बसलो होतो.

आता मी पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. सस्क्वेहाना नदी घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. तिच्यात स्मॉलमाउथ बास नावाचे मासे गळाने धरायला जायला लागलो, आणि इतकी वर्षं ऐकलेला तो दुसरा प्रश्न पहिली दोन वर्षं चक्क विसरलो. त्याची किंमत मोजली ती गेल्या वर्षीच्या ऑगस्टात.

नदी आधी सांगतो. न्यू यॉर्क राज्यातल्या ऑट्सिगो तळ्यातून निघून चेसापीक खाडीला मिळेपर्यंत ४४४ मैल. हॅरिसबर्गच्या आसपास पात्र जवळपास मैलभर रुंद आणि उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी गुडघा-मांडीएवढंच खोल. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, एवढ्या मोठ्या नदीला पाणी कुठंय? गावाच्या वरच्या अंगाला रॉकव्हिलचा रेल्वेपूल आहे, १९०२ सालचा, दगडी, ४८ कमानींचा. त्याच्याखाली कातळाच्या पट्ट्या नदीला आडव्या गेल्यात, नांगरटीच्या तासांसारख्या एकामागून एक. दोन पट्ट्यांच्या मध्ये खोलगट. मासा या खोलगट भागात, कातळाच्या आडोशाला असतो. पुढून धार जाते, धारेबरोबर झिंग्यासारखे क्रेफिश, किडे, बारकी मासळी वाहत येते, आणि हा आडोशाला बसून हात न हलवता जेवतो. मासेमारीचं निम्मं शास्त्र एवढंच: त्याचं ताट कुठं वाढलंय ते शोधायचं. पाणी बदललं की ताट हलतं.

स्मॉलमाउथ मुळातला इथला नाही. तो ओहायो नदी आणि मोठ्या सरोवरांकडचा. १८५४ साली रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीतून काही मासे डोंगरापलीकडून आणून पोटोमॅक नदीत सोडले होते, आणि त्यानंतर पूर्वेकडच्या नद्यांमध्ये तो असाच माणसांनी पसरवला. रंग पितळेच्या जुन्या तांब्यासारखा, घासून आठवडा झालेल्या. अंगावर उभे काळसर पट्टे, डोळा लालसर. तोंड नावाप्रमाणे लहान, म्हणजे त्याच्या भाऊबंदाच्या मानाने: लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्या मागे जातो, याचा डोळ्याखालीच थांबतो. आकाराने फार मोठा होत नाही. १८ इंचांचा मिळाला तर लोक आठवडाभर बोलतात. पण वाहत्या पाण्यात वाढलेला असल्यामुळे ताकद अशी की गळाला लागल्यावर वाटतं, आपण कुणाच्या तरी गाडीला दोरी बांधली.

मला हे शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी. एनोलाच्या रेल्वे यार्डातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या पुढचे. बायको त्यांना यार्डवाले आजोबा म्हणते, म्हणून आमच्या घरात तेच नाव. बोलणं कमी. पहिल्या दिवशी माझी सगळी खरेदी बघितली, तीनशे डॉलरचे ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, खोकं भरून, आणि त्यातली एक पिशवी उचलली. तपकिरी-हिरव्या रबराच्या ट्यूब, साडेतीन इंची, शेपटीकडे झिरमिळ्या. "या ठेव. बाकीच्या मुलीला खेळायला दे." ट्यूबच्या पोटात शिशाचं डोकं असलेला गळ सरकवायचा, तळाशी टाकायचा, आणि दगडावरून टकटक करत ओढायचा. पाण्यात ती हुबेहूब क्रेफिश दिसते. मला नाही दिसत, बासला दिसते.

गेल्या ऑगस्टात हॅरिसबर्गच्या मापकावर ३.४ फूट होतं. (इथला शून्य नदीच्या तळाला नाही, त्यामुळे साडेतीन फूट म्हणजे कमरेएवढं पाणी असं नव्हे. कातळावर ते घोट्याएवढंच असतं.) पाणी काचेसारखं. उष्णता २८ अंश. अशा पाण्यात भर दुपारी मी हाफ पँट आणि लोकर लावलेल्या तळव्याचे बूट घालून उतरलो की चाळीस फुटांवरून मासे सावलीसारखे पांगायचे. मी त्यांना बघतोय म्हणजे त्यांनी मला कधीच बघितलेलं असायचं. तीन शनिवार असे गेले. बायको म्हणाली, "पोहायला तरी शिका, निदान वेळ वाया जायचा नाही."

आजोबांनी तीन गोष्टी बदलायला लावल्या. लाइन, म्हणजे गळाची दोरी, बारीक, सहा पौंडी. ट्यूब लहान. आणि वेळ: सूर्य वर असताना घरी झोपायचं. हे शेवटचं पटायला मला जड गेलं, कारण ऑफिसच्या माणसाला शनिवारची दुपार तेवढीच मिळते. पण एका संध्याकाळी सातनंतर गेलो आणि जे बघितलं, त्यानंतर मासा न मिळता परत आलो असतो तरी चाललं असतं.

उजेड गेला आणि पाण्यातून पांढरे किडे वर यायला लागले. आधी दहा-वीस, मग मोजता येईनात. इथले लोक त्यांना व्हाइट फ्लाय म्हणतात, जुलैअखेर ते ऑगस्ट त्यांचा हंगाम. वर्षभर तळाशी आधी अंडं आणि मग चिखलात अळी म्हणून काढायचं, आणि मग एका संध्याकाळी पंख फुटून वर येऊन, मीलन करून, अंडी घालून त्याच रात्री मरायचं. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पाखरं येतात ना, आई ताटात पाणी ठेवून लाइट घालवायची, तसंच. फक्त इथे अख्खी नदी त्यांनी भरलेली. दाढीत, कानात, चष्म्यावर. पुलावरच्या दिव्यांखाली त्यांचा थर साचतो आणि त्यावरून गाड्या घसरतात. आणि पाण्यावर सगळीकडे टप, टप, टप. दिवसभर मला बघून पळणारे मासे आता माझ्या गुडघ्यापासून सहा फुटांवर तोंड वर काढत होते. पांढरी बारकी ट्यूब, शिशाशिवाय, वरच्यावर वाहत सोडली. तीन मिळाले, दहा-अकरा इंची. आणखी मिळाले असते, पण अंधारात लाइनची गाठ मारता येईना आणि डोक्याला लावायचा दिवा पेटवला की अर्धा किलो किडे तोंडावर.

गरम पाण्यात हात ओला करून मासा धरायचा, पटकन गळ काढायचा आणि सोडायचा. उन्हात, कोरड्या हातात धरून फोटोसेशन करायचं नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की रोग होतात. आजोबा एरवी बोलत नाहीत, पण यावर बोलतात. २००५ च्या उन्हाळ्यात याच नदीत बासची त्या वर्षीची पिल्लं अंगावर चट्टे उठून ढिगाने मेली होती. पाणी कमी, पाणी गरम, त्यातला प्राणवायू कमी, शेतातून आणि सांडपाण्यातून आलेली रसायनं, त्यावर जीवाणू आणि परजीवी. एकच आरोपी कधी सापडला नाही. तेव्हापासून नियम कडक झाले. सनबरीपासून खाली होल्टवूड धरणापर्यंत एकही बास घरी न्यायचा नाही, लगेच सोडायचा, असा नियम आला. मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, नर घरट्यावर राखणीला असतात तेव्हा, त्याच्या वाटेलाच जायचं नाही, हाही.

सोडून द्यायचं हे प्रकरण आमच्या आईला अजून पटलेलं नाही. लहानपणी मी कृष्णेच्या घाटावर कणकेच्या गोळीवर चिलापी धरायचो ती तळायला यायची. "एवढा धरायचा, त्याचा फोटो काढायचा, आणि सोडायचा? म्हणजे पाहुण्याला दारात ओढून आणायचं आणि चहा न देता परत पाठवायचं."

आता त्या दिवसाकडे येतो. ऑगस्टचा शेवटचा शनिवार. आमच्याकडे दोन दिवस कडक ऊन, पण वर, न्यू यॉर्कच्या हद्दीकडे आणि मधल्या डोंगरांत, जोराचा पाऊस झालेला. सकाळी फोनवर बघितलं: ३.९. चार फुटांच्या आत पाण्यात उतरायला हरकत नाही असा माझा नियम होता, आणि मी नियम पाळणारा माणूस. आलेखाची रेघ वर चाललीये हे मला दिसलं होतं. दिसलं आणि मी फोन खिशात टाकला. कोयना धरणातून किती सोडलं ते ऐकून आयर्विनला उद्या किती होईल हे ज्या घरात चहा पिताना सांगायचे, त्या घरातला मी.

पुलाखालच्या तिसऱ्या पट्टीपर्यंत गेलो, काठापासून दीडशे पावलं असतील. जाताना मांडीच्या मध्यापर्यंत पाणी. पट्टीवर उभा राहून तासभर टाकतोय, काही नाही. मग एक ओलं पान वाहत आलं. मग गवताची जुडी. मग काटक्या, एक प्लास्टिकची बाटली, पुन्हा गवत. पाणी काचेचं होतं ते ताकासारखं दिसायला लागलं. जिथे पाणबुडीसारखा एक काळा दगड पाण्याच्या वर होता तिथे आता नुसती सुरकुती. मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा होतो आणि घोटे दिसत नव्हते.

अर्धा फूट. नंतर बघितलं, तेवढंच चढलं होतं. कागदावर अर्धा फूट काही नाही. पण मांडीच्या मध्याऐवजी पाणी कमरेखाली लागतं, आणि तिथून पुढे नदी पाय उचलू देत नाही. एक पाऊल टाकायचं, दुसरा पाय उचलला की पहिला दगडावरून सरकतो. शेवाळ म्हणजे साबण. दोन पट्ट्या कशाबशा पार केल्या, तिसऱ्या खोलगटात पाय गेला आणि मी आडवा झालो. वीस-तीस फूट वाहत गेलो असेन. एका कातळावर नडगी आपटली आणि त्याच कातळाने थांबवलं. रॉडचं टोक मोडलं, टोपी गेली, अर्धा ग्लास सस्क्वेहाना पोटात. काठावर आलो तेव्हा पायातून रक्त येत होतं आणि दात वाजत होते, ऑगस्टात.

आणि काठावर यार्डवाले आजोबा घडीच्या खुर्चीवर बसलेले. पाण्यात पायसुद्धा ओला नाही. लव्हाळ्यासारखं उंच गवत वाढतं ना कडेला, त्याच्या मागे संथ पाण्यात ट्यूब टाकून बसले होते. सकाळपासून सात मासे.

"पाणी चढायला लागलं की मासे मधली धार सोडून कडेला येतात," ते म्हणाले. "धारेत दमछाक होते. शिवाय काठचे किडे, गांडुळं धुऊन निघतात. तू त्यांना तुडवतच आत गेलास." मग माझ्या नडगीकडे बघून, "किती फूट बघून आलास?"

"तीन पॉइंट नऊ."

"हो, पण कुठल्या दिशेचं?"

मी काही बोललो नाही. रात्री बाबांना फोनवर सांगितलं, तर ते पडल्याचं ऐकून घाबरण्याऐवजी चिडले. "सांगलीचा ना तू? लाज वाटत नाही?"

पुढचे चार दिवस नदी आठ फुटांवर, चिखलाच्या रंगाची, ओंडके वाहणारी. अशा पाण्यात मासा मिळतो असं सांगणारे लोक भेटतात. मला ते खोटं बोलतात असं वाटतं. (हॅरिसबर्गला पुराची पातळी १७ फूट धरतात, म्हणजे आठ काहीच नव्हे. १९७२ च्या ॲग्नेस वादळात ३२ च्या वर गेलं होतं.)

खरी मजा उतरत्या पाण्याची. आठवड्याने ५.२ आणि उतरतंय. पायी जाण्याजोगं नव्हतं, तेव्हा आजोबा त्यांच्या नावेतून घेऊन गेले. सपाट बुडाची ॲल्युमिनियमची नाव, मागे जेटचं इंजिन. इथे पंख्याचं इंजिन कुणी लावत नाही, पहिल्याच कातळावर पंख्याचे तुकडे होतील. जेट पाणी आत ओढून मागे फेकतं, सहा इंच पाण्यातसुद्धा नाव पळते. निघण्याआधी त्यांनी मला लाइफ जॅकेटचा पट्टा आवळायला लावला आणि खालच्या बाजूला हात केला. गावाजवळ डॉक स्ट्रीटला एक बुटका बंधारा आहे. वरून दिसतही नाही, पण त्याच्या पायथ्याशी पाणी गोल फिरतं आणि आत गेलेल्याला बाहेर सोडत नाही. अनेक माणसं गेलीत तिथं. इंजिन बंद पडलं तर पहिलं काम नांगर टाकणं.

मध्यावर गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि नुसतं बोट दाखवलं. पाण्यात रेघ होती. डावीकडे, पश्चिमेच्या अंगाला, दुधाचा चहा. उजवीकडे, मध्ये, कोरा चहा. मध्ये हातभर रुंदीचा फेसाळ सांधा, आणि तो खाली जिथवर नजर जाते तिथवर. पंधराएक मैल वर जुनियाटा नदी पश्चिमेकडून येऊन मिळते. पात्र एवढं रुंद आणि उथळ की दोन्ही पाणी मैलोन्मैल एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. त्या आठवड्यात जुनियाटाच्या खोऱ्यात पाऊस मागाहून पडलेला, म्हणून ती अजून गढूळ होती आणि मधली धार निवळली होती.

"बास गढूळ बाजूला उभा राहतो आणि निवळ बाजूला बघतो," आजोबा म्हणाले. खिडकीच्या पडद्याआड उभ्या राहिलेल्या आमच्या सांगलीच्या शेजारीणबाई मला आठवल्या.

ट्यूब काढून स्पिनरबेट लावला: तारेच्या दोन बाहू, एकावर गळ आणि पांढरी झालर, दुसऱ्यावर पितळी चकत्या. ओढला की चकत्या गरगर फिरतात. गढुळात माशाला दिसत नाही, पण अंगाच्या बाजूने जी रेषा असते तिला पाण्याचा थरथराट कळतो. निवळातून टाकायचा आणि सांध्याच्या कडेकडेने ओढायचा. चौथ्या की पाचव्या वेळी तो थरथराट मध्येच बंद झाला. धक्का नाही, ओढ नाही, फक्त बंद. मी सवयीने "अडकला" म्हणालो. आजोबा ओरडले, "मार!"

रॉड वर घेतला तर कातळ चालायला लागला. रील किरकिरत सुटली. मग नावेच्या मागे तो हवेत आला, पूर्ण, शेपटीसकट, तोंड उघडं, डोकं झटकत, आणि चकत्या त्याच्या गालावर वाजल्या तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा. खाली पडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी घाबरून लाइन सैल सोडली, जे करायचं नसतं, तरी सुटला नाही. नावेखाली दोनदा घुसला. शेवटी आजोबांनी खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलला. मोजपट्टीवर साडेअठरा इंच. एवढा व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, म्हणजे माझ्या मुलीच्या वयाचा. पाठीवर जुन्या जखमेचा पांढरा व्रण, बहुधा बगळ्याच्या चोचीचा. घशात आत क्रेफिशच्या नांग्यांची टोकं अजून बाहेर दिसत होती; पोट भरलेलं असतानाही माझी चकती गिळायला निघाला होता. ओल्या हातात त्याचं वजन एकसारखं नव्हतं, डोक्याकडे सगळं. पाण्यात धरून ठेवला, कल्ले दोन-तीनदा हलले, आणि मग माझ्या बोटांवर शेपटी मारून तो दुधाच्या चहाच्या बाजूला गेला.

त्या दिवशी दोघांत मिळून चौदा मिळाले. सगळे त्याच सांध्यावर. निवळ पाण्यात मध्यावर अर्धा तास घालवून बघितला, हट्टाने, तर एकही नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर बरा गेला, सांगण्यासारखं विशेष नाही. पाणी थंड होत गेलं तसे मासे उथळ सोडून खोल, संथ डोहांकडे सरकत गेले, आणि मीही. नोव्हेंबरपासून एप्रिलअखेर लहान नावेत लाइफ जॅकेट घालणं कायद्यानेच सक्तीचं. ८ अंशांच्या पाण्यात बास आळसावतो. ट्यूब तळाशी टाकून ओढायचीच नाही, नुसती पडू द्यायची, तीसपर्यंत आकडे मोजायचे, बोटभर हलवायची, पुन्हा तीस. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी चार तासांत एक मासा मिळाला, आणि तो गळाला लागलाय हे मला त्याच्या नंतर कळलं. मग रॉड तळघरात गेला.

सवय मात्र राहिली. रोज सकाळी आयर्विनचा आकडा बाबा पाठवतात, हिवाळ्यातसुद्धा, आणि मी इकडचा पाठवतो. जानेवारीत एका सकाळी उणे बारा अंश होतं. मापकाचं पान उघडलं तर प्रवाहाच्या आकड्याच्या जागी फक्त "बर्फ" असं लिहिलेलं. नदी गोठल्यावर तिथे तसंच दाखवतात. मी त्याचा फोटो काढून बाबांना पाठवला.

दोन मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं. "ते ठीक. चढतोय का उतरतोय?"